मिक्सर सुरू होईना? मोटर जळाली असे ठरविण्यापूर्वी

गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यावर अंजनवेल, वेलदूर, रानवी या भागातील बागायतदारांच्या घरी एप्रिल-मे महिन्यात आंबा, फणस आणि रातांबा ही तिन्ही फळे एकाच वेळी हाताशी येतात. डागी हापूस आणि रायवळ आंब्याचा रस आटविणे, बरक्या फणसाचे गरे काढून फणसपोळी घालणे, वर्षाचा मसाला करणे ही सर्व कामे पावसाच्या आत उरकावी लागतात. या कामी बहुतेक घरांत एकच यंत्र असते आणि ते म्हणजे स्वयंपाकघरातील मिक्सर. ऐन हंगामात हा मिक्सर बंद पडला तर पिकलेला आंबा दोन-तीन दिवसांपलीकडे थांबत नाही. तालुक्याच्या गावी मिक्सर दुरुस्तीला दिला की तो चार-आठ दिवस तेथेच पडून राहतो. शेवटी "मोटर जळाली आहे, नवीनच घ्या" असा सल्ला मिळतो आणि चांगला मिक्सर माळ्यावर जातो.

कृषिविद्येच्या शिक्षकाने मिक्सरवर का लिहावे, असे कोणी विचारील. शिवारफेरीला गेल्यावर भाताच्या लावणीतील अंतराइतकेच प्रश्न पंप, फवारणी यंत्र आणि मिक्सर यांबद्दल विचारले जातात, असा अनुभव आहे. शिवाय घरच्या घरी फळप्रक्रिया करणाऱ्या भगिनींच्या दृष्टीने मिक्सर हे औतफाट्याइतकेच महत्त्वाचे अवजार आहे. बंद पडलेल्या मिक्सरमध्ये पुष्कळदा मोटर शाबूत असते. दोष वीजपुरवठ्यात, लाल बटनात, भांड्याच्या बुशमध्ये, वायरमध्ये किंवा झिजलेल्या कार्बनमध्ये असतो. बाहेरून आत अशा क्रमाने तपासत गेल्यास यांतील बरेचसे दोष घरीच सापडतात.

मिक्सरची मोटर पंपापेक्षा वेगळी कशी

विहिरीवरील सिंगल फेज पंपाची मोटर आणि मिक्सरची मोटर यांत मूलभूत फरक आहे. पंपाच्या मोटरला सुरू होण्यासाठी कपॅसिटर लागतो. तो खराब झाला की मोटर नुसती घुमते, फिरत नाही. हा अनुभव बहुतेक शेतकऱ्यांना असल्यामुळे मिक्सर घुमू लागला की "कपॅसिटर गेला" असे पटकन म्हटले जाते. मिक्सरला सुरू होण्यासाठी कपॅसिटर लागतच नाही. काही मिक्सरमध्ये लहानसा कपॅसिटर दिसतो, पण तो रेडिओत खरखर येऊ नये म्हणून बसविलेला असतो.

मिक्सरच्या मोटरमध्ये बाहेर स्थिर असलेली फिल्ड कॉईल आणि आत फिरणारे आर्मेचर ही दोन्ही एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेली असतात. फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचविण्याचे काम कोळशाच्या दोन लहान कांड्या करतात. त्यांना कार्बन ब्रश किंवा नुसते कार्बन म्हणतात. या कांड्या आर्मेचरच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, म्हणजे कम्युटेटरवर, स्प्रिंगच्या दाबाने टेकलेल्या असतात. वीज वायर, खटका, लाल बटन, फिल्ड कॉईल, कार्बन, आर्मेचर अशा एकाच मार्गाने जात असल्याने या साखळीतील एकही कडी तुटली तर मिक्सर पूर्ण मुका होतो. बारीकशी तुटलेली वायर आणि जळालेले आर्मेचर बाहेरून सारखेच वाटतात, ते यामुळेच.

ही मोटर आकाराने लहान, वेगाने मात्र फार मोठी असते. भांडे नसताना ती मिनिटाला १८,००० ते २०,००० फेरे घेते. वेग जास्त म्हणून घर्षण जास्त आणि उष्णताही जास्त. ही उष्णता बाहेर काढण्यासाठी मोटरच्या दांड्यावर पंखा असतो आणि तळाला हवेच्या फटी असतात. मिक्सर घसरू नये किंवा आवाज कमी व्हावा म्हणून त्याच्याखाली टॉवेल अथवा प्लॅस्टिकचा कागद घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्यामुळे या फटी बंद होतात आणि मोटर कोंडलेल्या हवेत तापते. मिक्सर नेहमी फरशीवर किंवा लाकडी पाटावर, त्याच्या स्वतःच्या रबरी पायांवर उभा राहील असा ठेवावा.

आपल्याकडील वाटण हे मोटरला जड काम आहे, हे लक्षात घेऊनच भारतीय मिक्सर घडला. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरातील ब्राऊन कंपनीचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकला नाही, त्याची मोटर जळाली. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्या या अडचणीतून जास्त ताकदीच्या मोटरचा 'सुमीत' मिक्सर पुढे आला. आज घरोघरी ५०० ते ७५० वॅटचे मिक्सर असतात ते याच परंपरेतले.

आधी वीज पाहावी

मिक्सर उलटा करून स्क्रू काढण्याची घाई करू नये. प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण, शक्यतो इस्त्री, लावून पाहावी. नुसता टेस्टर लावून समाधान मानू नये. फेजची तार जिवंत असली की टेस्टर पेटतो, पण न्यूट्रल तुटलेली असली तरीही तो तसाच पेटतो. इस्त्री तापली म्हणजे मात्र दोन्ही तारा ठीक आहेत असे समजावे. मिक्सर एकदा दुसऱ्या खोलीतील सॉकेटवरही लावून पाहावा. सॉकेटच्या पितळी पकडी सैल होऊन पिन नीट न बसणे हा अगदी साधा दोष आहे. पण तेथे ठिणग्या उडून प्लगची पिन काळी पडते आणि प्लॅस्टिक वितळते. असा प्लग व सॉकेट दोन्ही बदलावेत. एकच बदलल्यास नवा भागही लवकर खराब होतो.

दाब कमी असला तर मिक्सर घुमतो, पण जड वाटण ओढत नाही. या मोटरची ओढ ढोबळमानाने विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर दाब एक पंचमांशाने कमी झालेला दिसतो, ओढ मात्र सुमारे ६० टक्केच उरते. संध्याकाळी, गावातील सर्व पंप व दिवे चालू असताना, मसाला वाटायला घेतला की मिक्सर अडतो आणि सकाळी तोच मिक्सर सहज चालतो, त्याचे कारण हे आहे.

येथे अंजनवेलकरांच्या नेहमीच्या तक्रारीबद्दल दोन शब्द. "एवढा मोठा वीज प्रकल्प गावाच्या अंगणात आणि आमच्या घरात दिवा मिणमिणतो" असे येथे हमखास ऐकायला मिळते. दाभोळ वीज कंपनीचा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि पुढे २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु अशा प्रकल्पाची वीज अतिउच्च दाबाने मोठ्या वाहिन्यांवर जाते. ती थेट शेजारच्या वाडीत येत नाही. घरातील दाब हा वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवर, तेथून घरापर्यंतच्या तारेच्या लांबीवर आणि त्या तारेवरील भारावर ठरतो. वाडीच्या शेवटच्या घराने म्हणूनच जड वाटण दुपारच्या कमी भाराच्या वेळी करावे आणि दाब नेहमीच कमी असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी.

दाब कमी असण्यापेक्षा अचानक वाढणे अधिक घातक. वादळवाऱ्यात माडाची झावळी किंवा फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तुटली तर काही घरांत २३० ऐवजी ३०० हून अधिक, क्वचित ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. दिवे एकदम प्रखर झाले, पंखा वेडावाकडा पळू लागला की मेन स्विच बंद करावा. मिक्सरचा प्लग तर काम संपताच काढून ठेवण्याची सवय घरातील सर्वांना लावावी.

लाल बटन

वीज ठीक असूनही मिक्सर मुका असेल तर तो उलटा करून तळाशी असलेले लाल (काही ठिकाणी काळे) बटन पाहावे. मोटरवर जास्त भार पडून प्रवाह वाढला की आतील पट्टी तापते आणि हे बटन बाहेर येऊन वीज तोडते. मिक्सर बंद करून, प्लग काढून, भांड्यातील माल कमी करून दहा मिनिटे थांबावे आणि बटन आत दाबावे. लगेच दाबल्यास ते बसत नाही, बसले तरी पुन्हा सुटते. हे बटन वारंवार सुटते म्हणून काही कारागीर ते काढून तारा थेट जोडून देतात. असे कदापि करू देऊ नये. बटन सुटणे हा दोष नसून इशारा आहे, आणि तो इशारा बंद केल्यावर पुढच्या वेळी खरोखरच मोटर जळते.

मिक्सरच्या तळाशी किंवा मागे एक पट्टी असते ती सहसा कोणी वाचत नाही. तिच्यावर वॅट, व्होल्ट यांबरोबर '३० मिनिटे, ५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद' असा मजकूर असतो. याचा अर्थ सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, मध्ये दोन मिनिटे थांबावे आणि अशा रीतीने एकूण अर्धा तास झाल्यावर मोटर पूर्ण निवू द्यावी. घरगुती मिक्सर हा गिरणीचा पर्याय नव्हे. पाच किलो मिरची, सोबत भाजलेले सुके खोबरे आणि अख्खी हळकुंडे एका बैठकीत दळायची असतील तर ती डंखावर किंवा गिरणीत न्यावीत. हळकुंड मिक्सरमध्ये घालायचेच असेल तर आधी खलबत्त्यात फोडून घ्यावे.

भांडे काढून पाहावे

सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी केली जाणारी तपासणी ही आहे. प्लग काढावा, भांडे बाजूला ठेवावे आणि दोन स्वतंत्र गोष्टी पाहाव्यात. मोटरवरील कपलर (भांडे ज्या रबरी किंवा नायलॉनच्या चकतीवर बसते ती) बोटांनी फिरते का? आणि भांडे उलटे करून त्याच्या तळाची चकती बोटांनी फिरते का? दोन्ही सहज फिरली पाहिजेत. मग प्लग लावून भांडे न बसविता मिक्सर दोन-तीन सेकंद चालवून पाहावा. काही नव्या मिक्सरमध्ये भांडे बसल्याशिवाय मोटर सुरू होणार नाही अशी सोय असते. तेथे दुसरे भांडे रिकामे लावून पाहावे.

गेल्या उन्हाळ्यात अंजनवेल येथे एका बागायतदाराच्या घरी बागेची पाहणी झाल्यावर गृहिणींनी मिक्सर पुढे आणून ठेवला. "सर, मोटर जळली म्हणतात. दुकानात दोनदा नेला." "काकू, भांडे काढून चालवून पाहिलात का?" "भांडे काढून कोण चालवील?" भांडे काढल्यावर मोटर नेहमीप्रमाणे चालली. फणसाच्या रसाचे भांडे मात्र तळातून दगडासारखे घट्ट होते. दुकानात मिक्सर त्याच भांड्यासह नेला गेला आणि त्याच भांड्यासह तपासला गेला, एवढेच झाले होते.

भांड्याच्या तळाशी पाते ज्या दांड्यावर असते तो दांडा एका धातूच्या बुशमध्ये फिरतो. वरच्या सीलमधून पाणी व रस झिरपला की बुश गंजतो किंवा त्यात साखर चिकटून वाळते. आंब्याचा रस, फणसाचे तंतू व चीक, कोकमाचे आगळ हे तिन्ही या बाबतीत वाईट. आगळात आम्ल आणि मीठ दोन्ही असल्याने गंज झपाट्याने चढतो. फणसाचे लांब तंतू तर पात्याखाली दोऱ्यासारखे गुंडाळले जातात. अडकलेले भांडे तासभर कोमट पाण्यात ठेवावे, तंतू काडीने काढावेत आणि पात्याला जाड फडके गुंडाळून ते मागे-पुढे हलवावे. मोकळे झाल्यावर साबणाने धुऊन पूर्ण वाळवावे. दांडा मोकळा झाला पण डळमळत असेल, किंवा तळातून काळे पाणी येत असेल, तर बुश व सील बदलून घ्यावे. हे काम स्वस्त आहे. काळे पाणी येणाऱ्या भांड्यात विक्रीचा माल करू नये, कारण ते काळे पाणी म्हणजे झिजलेला धातू असतो.

मोटर जोरात ओरडते पण पाते फिरत नाही, अशी उलट तक्रारही येते. येथे कपलरचे दात झिजलेले किंवा तुटलेले असतात. कपलर सोडविताना नेहमीची दिशा फसवते. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेला कपलर फिरविला की तो सुटतो, कारण चालताना तो आपोआप आवळला जावा अशीच त्याची आटी कापलेली असते. उलट दिशेने जोर लावल्यास कपलर आणखी घट्ट होतो किंवा फुटतो. मोटरचा दांडा तळाकडून स्क्रू-ड्रायव्हरने धरता येतो.

आत काय पाहावे

भांडे काढूनही मोटर मुकी असेल तर आत पाहावे लागते. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा आणि मगच तळाचे स्क्रू सोडावेत. हात व जमीन कोरडी असावी. ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी येथून पुढचे काम वायरमनकडून करून घ्यावे, पण काय करून घ्यायचे ते माहीत असावे.

आत पहिली नजर वायरकडे द्यावी. मिक्सरमध्ये जेथे वायर शिरते तेथे ती रोज वाकते आणि वरचे आवरण शाबूत असतानाही आतील तांबे तुटते. वायर हलविली की मिक्सर क्षणभर चालतो व थांबतो, ही त्याची खूण. मल्टिमीटर असल्यास प्लगच्या दोन जाड नसलेल्या पिनांमध्ये, खटका चालू ठेवून, रोध मोजावा. काही दहा ओहम दाखविले तर साखळी सलग आहे. काहीच न दाखविल्यास ती कोठेतरी तुटलेली आहे, आणि मग एकेक तुकडा मोजत जावे. मिक्सर 'इंच'वर चालतो पण १, २, ३ वर चालत नाही, किंवा एकाच वेगावर चालतो, तर दोष बहुधा फिरत्या खटक्यात असतो.

या खटक्यात किनाऱ्यावरच्या गावांत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे हिरवट गंज. अंजनवेलसारख्या वाशिष्ठीच्या मुखावरील गावात वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे कण घरात येतात. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे दिसते तेच मिक्सरच्या तांब्या-पितळेवर न दिसता घडत असते. बरणीतले मीठ नुसते ओले होते, खटक्यातला मिठाचा थर मात्र वीज गळती करतो आणि तांबे खातो. याखेरीज उबेला आलेल्या मुंग्या आणि झुरळे खटक्यात व कार्बनच्या घरात सापडतात. मऊ कोरड्या ब्रशने घाण काढावी. गंजलेला खटका घासून वापरण्यापेक्षा बदलणे बरे.

त्यानंतर कार्बन पाहावेत. मोटरच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर त्यांची घरे असतात. कार्बन हे झिजण्यासाठीच असतात. मूळ लांबीच्या तृतीयांश उरले, स्प्रिंग सैल झाली किंवा कार्बन घरात अडकून बसला की तो कम्युटेटरला टेकत नाही आणि मिक्सर एकाएकी मुका होतो. वरून एक टिचकी मारल्यावर चालू होणारा मिक्सर बहुतेक वेळा कार्बनचा रोगी असतो. दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत आणि जुना नमुना नेऊन त्याच मापाचे घ्यावेत. जाडा कार्बन कानशीने घासून बसविण्याचा मोह टाळावा. जुनेच परत बसवायचे असल्यास ज्या बाजूचा त्याच बाजूला, ज्या तोंडाने होता त्याच तोंडाने बसवावा. नव्या कार्बनवर मिक्सर भांड्याविना थोडा थोडा वेळ चालवून तो बसू द्यावा. सुरुवातीच्या बारीक ठिणग्यांनी घाबरून जाऊ नये.

कम्युटेटर काळवंडला असल्यास अगदी बारीक काचकागदाने फिरवून पुसावा. एमरी कागद वापरू नये, त्याचे कण वीजवाहक असल्याने पट्ट्यांमधील फटीत अडकून नवा दोष निर्माण होतो. आतील कोळशाची भुकटीही अशीच वीजवाहक असते, ती ब्रशने झटकून काढावी. मोटरच्या वरच्या व खालच्या बुशला मशीन ऑइलचा एखादा थेंब पुरे. आपल्याकडे हाताशी असते म्हणून खोबरेल सोडले जाते. ते काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरते आणि बुश आणखी आवळतो.

मोटर खरोखरच जळाली असल्यास

करपलेला वास, तारांवरील लाखेचे काळे पडलेले आवरण, आणि कम्युटेटरभोवती कड्यासारखी फिरणारी मोठी ठिणगी ही आर्मेचर गेल्याची लक्षणे आहेत. कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमधील रोध सर्वत्र सारखा भरला पाहिजे. एखाद्या जोडीत तो वेगळा आला तर तेथील वेटोळे तुटले किंवा एकमेकांस चिकटले आहे. पट्टी आणि मधला दांडा यांत मात्र वीज अजिबात जाता कामा नये. आर्मेचर हाताने गुंडाळून (रिवाइंडिंग करून) घेण्याच्या मी विरुद्ध आहे. मिनिटाला १८,००० फेरे घेणाऱ्या भागाचा तोल थोडाही चुकला तर बुश व कार्बन दोन्ही लवकर जातात. त्याच बनावटीचे तयार आर्मेचर मिळत असल्यास ते बसवावे. फिल्ड कॉईल फिरत नसल्याने ती गुंडाळून घेण्यास हरकत नाही. आर्मेचर आणि फिल्ड दोन्ही गेली असतील, शिवाय भांडीही झिजली असतील, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

केक, नानकटाई यांसाठी काही बचत गटांनी अलीकडे स्टँड मिक्सर घेतले आहेत. यात वाडगा खाली स्थिर असतो आणि वरच्या डोक्यातील फेटणी फिरते. त्याची मोटरही पुष्कळदा कार्बनचीच असते, म्हणून वरील क्रम त्यालाही लागू आहे. दोन गोष्टी मात्र वेगळ्या. डोके पूर्ण खाली बसून खिट्टी लागल्याशिवाय काही मॉडेल सुरूच होत नाहीत, तेव्हा प्रथम ती खिट्टी पाहावी. दुसरे, मोटर आणि फेटणी यांमध्ये दातेरी चक्रांची पेटी असते. घट्ट कणीक वरच्या वेगावर मळल्यास त्यातील एक चक्र तुटते. मोटरचा आवाज येतो पण फेटणी थांबलेली असते. मोटर वाचावी म्हणून हे चक्र पुष्कळदा मुद्दाम मऊ केलेले असते, ते सुटे मिळत असल्यास बदलावे आणि पेटीत नवे ग्रीस भरावे. कणीक नेहमी सर्वांत कमी वेगावरच मळावी.

अर्थिंग आणि जांभा जमीन

मिक्सर चालत नाही ही अडचण आहे. मिक्सर चालतो पण हाताला मुंग्या येतात हा धोका आहे, आणि तो मिक्सर त्याच क्षणी बंद केला पाहिजे. रस काढताना जमीन ओली, पाय अनवाणी आणि हात ओले असतात. आतील एखादी तार बाहेरच्या धातूला लागली तर वीज शरीरातून जमिनीत जाते. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन ही वीज अर्थच्या तारेने बाहेर नेण्यासाठी असते. दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून ही पिन कापणे म्हणजे जीवाशी खेळ आहे.

जाड पिन असूनही उपयोग होतो का, हे जमिनीवर अवलंबून असते, आणि येथे कोकणची अडचण वेगळी आहे. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात पार कोरडा पडतो व विजेला वाट देत नाही. दोन-अडीच फुटांच्या खड्ड्यात लोखंडी सळई ठोकून केलेले अर्थिंग पावसाळ्यात चालते, आणि नेमके मे महिन्यात, मिक्सर सर्वांत जास्त चालतो तेव्हा, निकामी होते. अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ३०४३) जस्त चढविलेला पाइप किमान ३८ मि.मी. व्यासाचा व अडीच मीटर लांबीचा असावा. त्याच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत. खड्डा घराच्या ओलाव्याच्या बाजूला, न्हाणीच्या पाण्याकडे घ्यावा आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. आपण रोपांना जसे पाणी देतो तसेच हे. यासोबत मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. एमसीबी तारा वाचविते, माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचविण्याचे काम आरसीसीबी करते. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये. मिक्सर लावताच आरसीसीबी पडत असेल तर ते बिघडले असे समजून काढून टाकू नये. मिक्सरमध्ये ओल शिरली आहे किंवा आवरण फुटले आहे, हे ते सांगत असते.

ओल शिरल्याची शंका असल्यास मिक्सर सुरू करण्याचा प्रयत्नच करू नये. वरून रस सांडला असेल तर प्लग काढून, मिक्सर उलटा करून पाणी निथळू द्यावे, तळ उघडून एक-दोन दिवस उन्हात व वाऱ्यावर ठेवावा. चुलीच्या धगीजवळ ठेवल्यास तारांचे आवरण मऊ होते. आगळ किंवा खारे पाणी सांडले असल्यास नुसते वाळवून भागत नाही, कारण पाणी उडते आणि मीठ मागे राहते. असा मिक्सर कारागिराकडून उघडून साफ करूनच वापरावा.

हंगाम संपल्यावर, मिरगाच्या आधी, मिक्सर पुसून, भांडी वाळवून, वायर सैल गुंडाळून ठेवावी. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत तो बांधून ठेवू नये, आत अडकलेला दमटपणा तेथेच राहतो. सुती कापडाच्या पिशवीत, जमिनीपासून उंच, खिडकीपासून दूर ठेवावा आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा भांड्याविना अर्धा मिनिट चालवावा. मोटरच्या स्वतःच्या उबेने आतील ओल निघून जाते. पावसाळ्यानंतरचे पहिले जड काम बहुधा गणपतीत, मोदकाचे खोबरे व वाटण यांचे, पडते. त्याच्या आठवडाभर आधी भांड्याचे तळ बोटाने फिरवून पाहावेत, कार्बन तपासावेत आणि लागणारे बुश, सील व कपलर बाजारातून आणून ठेवावेत.